मूळ फाइल नेमकी कधी जाते? एआय एजंटसाठी टूलची माहिती लिहिताना

जानेवारी, फेब्रुवारी आणि मार्च अशा तीन महिन्यांच्या तीन फाइली आहेत. त्या ‘जुने’ नावाच्या फोल्डरमध्ये हलवायचं काम एका एजंटला दिलंय. तो आधी फोल्डर तयार करायची कमांड देतो. ती काही कारणानं फसते, पण तिचं उत्तर नीट न वाचता तो पुढे जातो. मग युनिक्सची फाइल हलवणारी ‘एमव्ही’ कमांड वापरून एकेक फाइल ‘जुने’कडे पाठवायला लागतो.

‘जुने’ नावाचं फोल्डर अस्तित्वातच नाही. त्यामुळे पहिल्या कमांडला जानेवारीच्या फाइलचं नाव बदलून ‘जुने’ होतं. दुसऱ्या कमांडला फेब्रुवारीची फाइल ‘जुने’ होते आणि जानेवारीची पुसली जाते. तिसऱ्या कमांडला मार्चची फाइल फेब्रुवारीच्या डोक्यावर बसते. शेवटी ‘जुने’ नावाची एकच फाइल उरते आणि तिच्यात फक्त मार्च असतो. तिन्ही कमांडनी शून्य हा एक्झिट कोड (कमांड संपताना देते तो आकडा) दिला, म्हणजे ‘काम झालं’. एजंट मनापासून कळवतो: तिन्ही फाइली हलवल्या.

यात ‘एमव्ही’नं नियम मोडला नाही. शेवटचा शब्द फोल्डर असेल तर फाइल त्याच्या आत जाते आणि नसेल तर तो शब्द फाइलचं नवं नाव होतो, हे तिचं ठरलेलं वागणं आहे. शेवटी तिरकी रेघ देऊन ‘जुने/’ लिहिलं असतं, तर लिनक्सवरच्या ‘एमव्ही’नं ‘हे फोल्डर नाही’ म्हणून तिथेच काम थांबवलं असतं. एवढ्याशा रेघेनं जानेवारी आणि फेब्रुवारी वाचले असते. पण ही गोष्ट एजंटला कुणी, कुठे आणि कोणत्या शब्दांत सांगायची? हा लेख त्याबद्दल आहे.

एजंट म्हणजे काय, ते थोडक्यात. एक भाषा-मॉडेल असतं, त्याच्या हाताशी काही टूल्स दिलेली असतात. ते मजकूर वाचतं, कोणतं टूल चालवायचं ते ठरवतं, टूलनं दिलेला मजकूर पुन्हा वाचतं आणि पुढचं पाऊल टाकतं. त्याला पडदा दिसत नाही, फाइलींची चित्रं दिसत नाहीत, डिस्कच्या दिव्याची उघडझाप दिसत नाही. माणूस फाइल हलवतो तेव्हा त्याच्या डोळ्याच्या कोपऱ्यात बरंच काही येत असतं. ‘अरे, फोल्डर रिकामंच दिसतंय’ असं त्याला न विचारता कळतं. एजंटला जे मजकुरात आलं तेवढंच कळतं.

आणि जे मजकुरात आलं नाही, ते तो आठवणीतून भरून काढतो. हा मुद्दा माहिती लिहिणाऱ्यानं सगळ्यात आधी पचवायला हवा. मॉडेलनं शिकताना ‘एमव्ही’, ‘सीपी’, ‘आरसिंक’ अशा फाइली हलवणाऱ्या, कॉपी करणाऱ्या टूल्सबद्दलची असंख्य पानं वाचलेली असतात. तुमचं टूल नवीन असेल, तर तुम्ही मोकळी सोडलेली प्रत्येक जागा तो या जुन्या टूल्सच्या सवयींनी भरतो. तुमच्या टूलमध्ये नसलेला फ्लॅगसुद्धा (कमांडला जोडायचा पर्याय) तो बिनधास्त वापरून बघतो, कारण तसा फ्लॅग दुसरीकडे असतो. म्हणून मी अशी माहिती लिहायला बसते तेव्हा ‘आमचं टूल काय करतं’ याच्याही आधी ‘आमचं टूल इतरांपेक्षा कुठे वेगळं वागतं’ हे कागदावर काढते.

शेवटच्या तिरक्या रेघेचंच बघा. ‘आरसिंक’ हे टूल १९९६ साली अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरास यांनी आणलं. त्यात मूळ फोल्डरच्या नावानंतर रेघ दिली तर फोल्डरच्या आतला माल जातो, रेघ दिली नाही तर फोल्डरसकट जातो. ज्यांनी ते वर्षानुवर्षं वापरलंय, त्यांच्या बोटांत ही गोष्ट भिनलेली असते. तुमच्या टूलमध्ये रेघेनं काहीच फरक पडत नसेल, तरीही ते लिहावं लागतं. ‘मूळ फोल्डरच्या नावापुढे रेघ असो वा नसो, परिणाम तोच’, एवढं एक वाक्य. माणसासाठी लिहिताना ते अनावश्यक वाटलं असतं.

हलवणं ही दोन कामं आहेत

फाइल हलवणं हे वरवर एकच काम दिसतं. प्रत्यक्षात ते कधी एक असतं, कधी दोन.

मूळ जागा आणि नवी जागा एकाच फाइल सिस्टीमवर (डिस्कवर फाइली मांडून ठेवण्याच्या एकाच व्यवस्थेत) असतील, तर फाइलचा मजकूर जागचा हलतच नाही. फक्त तिचं नाव आणि पत्ता बदलतो. यासाठी ऑपरेटिंग सिस्टीमला ‘रीनेम’ नावाची विनंती जाते आणि ती एका फटक्यात पूर्ण होते: एक तर झाली, नाही तर झालीच नाही. मधली अवस्था कुणाला दिसत नाही. म्हणूनच ४० जीबीची फाइलसुद्धा पापणी लवायच्या आत ‘हलते’.

जागा दोन वेगळ्या डिस्कवर असतील, तर ही विनंती नाकारली जाते. मग टूलला आधी कॉपी करावी लागते आणि नंतर मूळ फाइल पुसावी लागते. ‘एमव्ही’ हे मुकाट्यानं करते. ॲमेझॉनच्या एस-थ्रीसारख्या इंटरनेटवरच्या साठवणीत तर सर्वसाधारण बकेटमध्ये, म्हणजे फाइली ठेवायच्या डब्यात, हलवणं असं काही नसतंच. तिथे प्रत्येक वेळी कॉपी आणि डिलीट. फोल्डरही खरे नसतात, ती लांबलचक नावांची सुरुवात असते. हजार फाइलींच्या ‘फोल्डरचं नाव बदल’ म्हटलं की हजार कॉपी आणि हजार डिलीट होतात.

आता एजंटच्या बाजूनं विचार करा. बहुतेक एजंटना एका कमांडसाठी वेळेची मर्यादा असते. ती संपली की कमांड मध्येच मारली जाते. हलवणं एका फटक्याचं असेल तर प्रश्न नाही. पण दोन कामांचं असेल, तर काम कुठे तुटलं? कॉपी अर्धी झाली आणि मूळ शाबूत आहे? कॉपी पूर्ण झाली, पण मूळ अजून तिथेच आहे? पाचशे फाइली पूर्ण गेल्या आणि पाचशे अजून इकडेच आहेत? एजंट पुढे काय करणार हे सगळं या उत्तरावर अवलंबून असतं.

म्हणून माझ्या मते फाइल हलवणाऱ्या टूलच्या माहितीत एक वाक्य सगळ्यात मोलाचं असतं: मूळ फाइल नेमक्या कोणत्या क्षणी पुसली जाते. प्रत्येक फाइलची कॉपी झाल्या झाल्या? चेकसम, म्हणजे मजकुरावरून काढलेला पडताळणीचा आकडा, जुळल्यावर? की सगळ्या फाइली पोचल्यावर एकदम? मी बघितलेल्या बऱ्याच माहितीपानांवर हे वाक्य नसतं. ‘जलद’, ‘सुरक्षित’, ‘भरवशाचं’ हे शब्द मात्र हमखास असतात आणि त्यांतून एजंटला काहीही करता येत नाही.

याला जोडून येणारी गोष्ट म्हणजे मागे काय उरतं. ‘आरसिंक’ला मूळ फाइली काढून टाकायला सांगणारा फ्लॅग दिला, तर नीट पोचलेल्या फाइली मूळ जागेवरून जातात, पण रिकामी फोल्डर तशीच राहतात. क्लाउडवर फाइली नेणाऱ्या ‘आरक्लोन’ टूलची ‘मूव्ह’ कमांडही वेगळा फ्लॅग दिल्याशिवाय रिकामी फोल्डर मागे ठेवते. माणूस ती बघतो आणि पुसून टाकतो. एजंट मात्र बघतो की मूळ फोल्डर अजून आहे, म्हणजे काम अपुरं राहिलं, आणि तीच कमांड पुन्हा चालवतो. वाईटात वाईट म्हणजे तो स्वतःच सगळं पुसणारी कमांड देऊन ‘साफसफाई’ करायला निघतो आणि वेळेअभावी तिथेच राहिलेल्या एक-दोन फाइलीही त्यात जातात. ‘हलवल्यानंतर रिकामी फोल्डर मूळ जागी राहतात. हे अपेक्षित आहे.’ या दोन छोट्या वाक्यांनी हा सगळा प्रकार टळतो.

तीच कमांड दुसऱ्यांदा चालवली तर काय होतं, हेही लिहावं लागतं, कारण एजंट दुसऱ्यांदा चालवतोच. नेटवर्क तुटलं, वेळ संपली किंवा उत्तर अर्धवट आलं, की त्याची पहिली हालचाल तीच असते. ‘एमव्ही’ दुसऱ्या वेळी ‘अशी फाइल नाही’ म्हणते. ते खरं आहे, पण अर्ध्या वाटेवर सोडणारं आहे. फाइल कधी नव्हतीच, की मघाशीच पोचली? तुमचं टूल हा फरक ओळखू शकत असेल, तर दोन्हींना वेगळे कोड द्या आणि ते लिहून ठेवा.

आधीपासून तिथे फाइल असेल तर

नव्या जागी त्याच नावाची फाइल असेल, तर टूलला चार वाटा असतात: जुनीवर लिहायचं, नकार द्यायचा, दोघींतली नवी ठेवायची, किंवा नावापुढे आकडा लावून दोन्ही ठेवायच्या. यातली कोणती वाट बरोबर, यावर मी वाद घालणार नाही. पण कोणती घेतलीय हे लिहिलेलं नसणं मला अक्षम्य वाटतं.

चांगलं उदाहरण द्यायचं तर मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉलचं देते. अँथ्रॉपिकनं नोव्हेंबर २०२४ मध्ये जाहीर केलेला हा एजंट आणि टूल्स जोडायचा खुला करार. त्याच्यासोबत नमुना म्हणून दिलेल्या फाइल सिस्टीम सर्व्हरमध्ये ‘मूव्ह फाइल’ नावाचं टूल आहे. त्याचं वर्णन जेमतेम काही वाक्यांचं आहे, पण त्यात हे स्पष्ट सांगितलंय की नव्या जागी आधीच फाइल असेल तर काम फसेल. तो सर्व्हर ठरवून दिलेल्या फोल्डरांबाहेर हात घालत नाही, हेही एजंटला विचारून कळतं.

याच करारात टूलवर काही खुणा लावायची सोय आहे: हे टूल फक्त वाचतं का, काही नष्ट करू शकतं का, पुन्हा चालवलं तर परिणाम तोच राहतो का. नष्ट करण्याबद्दलची खूण तुम्ही दिलीच नाही, तर ‘नष्ट करू शकतं’ असं धरायचं ठरलंय, आणि ते योग्यच आहे. मात्र या खुणा म्हणजे सूचना आहेत, कुलूप नाही. वर्णनातली वाक्यं त्यांच्यामुळे अनावश्यक ठरत नाहीत.

नावांचीही काळजी घ्यावी लागते. ‘आरक्लोन’मध्ये ‘कॉपी’, ‘मूव्ह’ आणि ‘सिंक’ अशा वेगळ्या कमांड आहेत. ‘सिंक’ नव्या जागेला मूळ जागेसारखं करते, म्हणजे मूळ जागी नसलेल्या फाइली नव्या जागेवरून पुसून टाकते. वापरणारा एजंटला सहज म्हणतो, ‘ही दोन फोल्डर सारखी करून ठेव.’ एजंट शब्दाला शब्द जुळवून ‘सिंक’ उचलतो. वापरणाऱ्याच्या मनात मात्र दोन्हीकडच्या फाइली एकत्र करणं असतं. अशा कमांडच्या वर्णनाचं पहिलंच वाक्य ‘ही कमांड फाइली पुसते’ असं हवं. दुसरं नाही, पहिलं.

पहिलं का, याला कारण आहे. एजंट मदतीचा मजकूर पुष्कळदा पूर्ण वाचत नाही. पहिल्या वीस-तीस ओळी मागवतो किंवा लांब आउटपुट मध्येच कापलं जातं. युनिक्सचं पहिलं मॅन्युअल नोव्हेंबर १९७१ चं. त्यात ‘बग्ज’ हा रकाना पानाच्या शेवटाकडे असे आणि पुढे मॅन पेजेसमध्ये, म्हणजे कमांडच्या मदतपानांत, तीच रीत रुजली. टूलच्या उणिवा इतक्या उघडपणे लिहायची ही परंपरा मला फार आवडते. पण धोक्याची गोष्ट तळाशी ठेवण्याची रीत कागद हातात घेऊन शेवटपर्यंत वाचणाऱ्या माणसासाठी होती. एजंटसाठी तिला वर आणावं लागतं.

एक वर्णन, आधी आणि नंतर

समजा आपल्या टूलचं नाव ‘हलव’ आहे. टूल काल्पनिक आहे, पण खालचं वर्णन वाचताना ओळखीचं वाटेल:

‘हलव: फाइली आणि फोल्डर एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जलद व सुरक्षितपणे हलवणारं आधुनिक टूल. समांतर कॉपी, चेकसम आणि रिझ्यूमची सोय.’

आता हेच एजंटसाठी:

‘हलव: एक किंवा अनेक फाइली एका अस्तित्वात असलेल्या फोल्डरमध्ये हलवतं. मूळ फाइल पुसली जाते. प्रत्येक फाइलची कॉपी होऊन चेकसम जुळल्यावरच तिची मूळ प्रत पुसली जाते. एकाच डिस्कवर फक्त नाव बदलतं. नवं फोल्डर नसेल तर काहीही न करता कोड ३ देऊन थांबतं, फोल्डर स्वतः तयार करत नाही. त्याच नावाची फाइल आधीच असेल तर ती फाइल वगळतं आणि शेवटी कोड ४ देतं. मध्ये थांबलं तर तीच कमांड पुन्हा चालवावी, पोचलेल्या फाइली पुन्हा हलवल्या जात नाहीत. फाइलचं फक्त नाव बदलायचं असेल तर हे वापरू नये, नाव-बदल वापरावं.’

दुसरं वर्णन लांब आहे आणि दिसायला रुक्ष आहे. पण सुरुवातीची तीन फाइलींची गोष्ट या टूलवर घडूच शकत नाही, आणि का घडू शकत नाही हे वाचणाऱ्याला आधीच कळतं. शेवटचं वाक्यही लक्षात घ्या. टूल केव्हा वापरू नये हे सांगितलं की एजंटची निवड एकदम सुधारते.

लांबीला मर्यादा आहेच. टूलचं वर्णन एजंटच्या संदर्भात, म्हणजे त्याच्यासमोरच्या मर्यादित मजकुरात, सतत बसून असतं आणि जागा खातं. ‘आरसिंक’ला शंभराहून जास्त फ्लॅग आहेत, ते सगळे वर्णनात ओतले तर कामाला जागा उरणार नाही. फाइलींच्या जिवाशी संबंध असलेलं सगळं वर्णनात ठेवावं. वेग, रंग, नोंदींचा तपशील हे मागितल्यावर मिळेल अशा मदतीच्या पानात टाकावं.

टूल चालताना जे बोलतं, तेही डॉक्युमेंटेशनच आहे, आणि एजंट ते सगळ्यात लक्षपूर्वक वाचतो. ‘ऑपरेशन फसलं’ अशी एरर म्हणजे बंद दार. ‘“जुने” हे फोल्डर नाही. एकही फाइल हलवली नाही. आधी फोल्डर तयार करा आणि हीच कमांड पुन्हा द्या’, या एररमध्ये काय झालं, काय झालं नाही आणि आता काय करायचं, तिन्ही आहे. त्यातलं ‘एकही फाइल हलवली नाही’ हे मधलं वाक्य बहुतेक टूल्स विसरतात.

एक्झिट कोडचंही तसंच. ‘आरसिंक’ २३ देतं तेव्हा काही एररमुळे काही माल गेलेला नसतो. २४ देतं तेव्हा मूळ जागेवरच्या काही फाइली काम चालू असताना नाहीशा झालेल्या असतात, आणि तात्पुरत्या फाइली असलेल्या फोल्डरात हे अगदी नेहमीचं आहे. तक्ता समोर नसेल तर एजंटला दोन्ही सारखेच, शून्य नाही म्हणजे फसलं. तक्ता द्या आणि प्रत्येक कोडपुढे ‘पुन्हा चालवा’, ‘थांबा आणि विचारा’ किंवा ‘दुर्लक्ष चालेल’ यातलं एक लिहा.

‘हो की नाही?’ असं विचारून थांबणारं टूल एजंटकडे मुकं होऊन बसतं, कारण उत्तर द्यायला तिथे कुणी नसतं. प्रश्न न विचारता चालवायचा फ्लॅग कोणता आणि तो दिल्यावर टूल कोणतं उत्तर गृहीत धरतं, हे लिहा. ड्राय-रनची, म्हणजे प्रत्यक्ष काही न बदलता काय होईल ते दाखवण्याची, सोय असेल तर ती काय तपासते आणि काय तपासत नाही तेही सांगा. यादी दाखवणं वेगळं. जागा पुरेल का, लिहायची परवानगी आहे का हे बघणं वेगळं.

एका गोष्टीवर मात्र मला थांबायचंय, कारण आपल्या लिपीत ती जास्त चटका देते: फाइलींची नावं. ‘कर्मचाऱ्यांची यादी’ हे नाव घ्या. यातला ‘ऱ’ संगणकात निदान तीन प्रकारे साठवलेला असू शकतो: एक अखंड अक्षर म्हणून, ‘र’ आणि नुक्ता अशा जोडीनं, किंवा ‘र’, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह अशा रचनेनं. पडद्यावर तिन्ही सारखीच दिसतात. लिनक्सच्या बहुतेक फाइल सिस्टीम नावाकडे फक्त बाइटची रांग म्हणून बघतात, त्यामुळे त्यांच्या लेखी ही तीन वेगळी नावं आहेत. एजंट यादीतलं नाव वाचतो आणि कमांडमध्ये स्वतः पुन्हा लिहितो. लिहिताना प्रकार बदलला की ‘अशी फाइल नाही’. युनिकोड या अक्षर-संकेत पद्धतीचं नॉर्मलायझेशन, म्हणजे एकाच अक्षराचे प्रकार एकसारखे करणं, पहिल्या दोन प्रकारांना एक करतं, तिसऱ्याला करत नाही.

लांबीचंही आहे. लिनक्सवर नेहमी भेटणाऱ्या ईएक्सटी-फोर फाइल सिस्टीममध्ये नावाची कमाल लांबी २५५ बाइट असते. देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह, काना-मात्रा धरून, यूटीएफ-८ या साठवणीच्या पद्धतीत ३ बाइट घेतं. म्हणजे हातात उरतात ८५ चिन्हं. सरकारी थाटाचं एखादं मराठी शीर्षक फाइलीला दिलं की ही मर्यादा सहज ओलांडली जाते. तुमचं टूल नावाचं काय करतं, जसंच्या तसं ठेवतं, नॉर्मलाइझ करतं की कापतं, हे एका ओळीत लिहा. आणि शक्य असेल तर नावं पुन्हा टाइप करायची वेळच येऊ देऊ नका. ‘आरसिंक’ जशी फाइलमधून यादी घेऊ शकतं, तशी यादी टूलनंच बनवून टूललाच परत देता यावी.

लिहून झाल्यावर मी एक चाचणी करते. कोऱ्या एजंटला फक्त माझं पान देते, सोबत एक तात्पुरतं फोल्डर. त्यात मुद्दाम त्याच नावाची एक फाइल आधीच ठेवलेली असते, नवं फोल्डर तयार केलेलं नसतं, एका नावात ‘ऱ’ असतो आणि एका फाइलला परवानगी नसते. मग तो काय करतो ते ओळीओळीनं वाचते. जिथे तो अंदाज बांधतो, तिथे माझ्या पानात एक वाक्य कमी आहे. परवा अशाच एका चाचणीत त्यानं कोड ४ बघून नव्या जागेवरची त्याच नावाची फाइल आधी पुसली आणि कमांड पुन्हा दिली. पानावर ‘वगळतं’ एवढंच होतं. आता तिथे लिहिलंय: ‘वगळतं. नव्या जागेवरची फाइल पुसू नका. दोन्ही फाइलींचे पत्ते वापरणाऱ्याला दाखवा आणि विचारा.’